युद्ध चालू असताना रेडिओवर एवढं हलकंफुलकं संगीत कशासाठी?

रेडिओवेडी

सध्या दुसऱ्या महायुद्धातल्या रेडिओबद्दल मिळेल ते वाचतेय आणि एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये. युद्ध आणि रेडिओ म्हटलं की आपल्याला चर्चिलची भाषणं आठवतात, रात्री नऊच्या बातम्या आठवतात, फार तर हिटलरचा आरडाओरडा. पण त्या वर्षांतली बीबीसीची वेळापत्रकं बघितली तर दिवसभर डान्स बँड, सिनेमा ऑर्गन, फर्माइशी, विनोदी श्रुतिका असलंच भरलेलं दिसतं. बाहेर बॉम्ब पडतायत, जहाजं बुडतायत, रेशनकार्डावर साखर मिळतेय आणि रेडिओवर नाचाची गाणी! बरं ही तीच बीबीसी ना, जी युद्धाच्या आधी रविवारी प्रवचनं आणि गंभीर संगीत सोडून फारसं काही ऐकवत नसे?

तर प्रश्न असे की हे कोणी ठरवलं, सरकारने का बीबीसीने? लोकांचं लक्ष दुसरीकडे वळवायला होतं का त्याला काही खरंच काम होतं? कारखान्यांत संगीत लावायचे असं वाचलं, त्यामागे काही विचार होता का नुसतं वाटलं म्हणून लावलं? आणि समोरच्या बाजूला काय चाललं होतं, जर्मनीत तर जॅझवर बंदी होती ना? ज्यांना माहितीये त्यांनी जरा सविस्तर लिहा, मोठं लिहिलंत तरी मी सगळं वाचणार आहे.

शॉर्टवेव्हवाला

पहिल्या प्रश्नावर लिहितो, बाकीचं इतर मंडळी लिहितीलच.

१ सप्टेंबर १९३९ ला बीबीसीने टीव्ही बंद केला, नॅशनल आणि रीजनल अशा रेडिओच्या दोन सेवा होत्या त्या गुंडाळल्या आणि सगळ्या देशासाठी एकच होम सर्व्हिस सुरू केली. कारण तांत्रिक होतं. प्रत्येक ट्रान्समीटर वेगळ्या लहरीवर चालू राहिला असता तर जर्मन विमानांना त्याचा दिशा शोधायला उपयोग झाला असता, म्हणून बरेच ट्रान्समीटर एकाच लहरीवर एकत्र चालवायचे, म्हणजे सिग्नल नक्की कुठून येतोय ते वरच्या वैमानिकाला कळत नाही. संरक्षणासाठी हे योग्यच होतं पण ऐकणाऱ्याला एकच कार्यक्रम उरला. त्यात थिएटरं सिनेमागृहं सुरुवातीला बंद, ब्लॅकआऊटमुळे संध्याकाळी घराबाहेर पडता येत नाही, आणि मनोरंजनाचा विभाग लंडनमधून ब्रिस्टलला हलवलेला, त्याची घडी अजून बसलेली नाही. मग त्या पहिल्या काही आठवड्यांत काय वाजवलं तर बातम्या, सरकारी सूचना, ग्रामोफोनच्या तबकड्या आणि सँडी मॅकफर्सनचं थिएटर ऑर्गन. हा कॅनडाचा वादक एकटा दिवसातून कितीतरी वेळा बसून वाजवत होता, त्याने ती वेळ खरोखर निभावून नेली, पण लोक इतके कंटाळले की वर्तमानपत्रांत तक्रारींचा पाऊस पडला.

आता यात खरा बदल घडवला तो फ्रान्समध्ये बसलेल्या ब्रिटिश सैनिकांनी. १९३९-४० च्या हिवाळ्यात तिकडे लढाई जवळपास नव्हतीच, थंडीत बराकीत बसून राहायचं. या पोरांना युद्धाच्या आधी रेडिओ लक्झेम्बर्ग आणि रेडिओ नॉर्मंडी ऐकायची सवय होती, जाहिरातीवाली स्टेशनं, रविवारी सुद्धा नाचाची गाणी लावणारी. लक्झेम्बर्ग सप्टेंबर ३९ मध्ये बंद पडलं. सैनिकांना होम सर्व्हिस नको होती आणि जर्मन स्टेशनं तर इंग्रजीत बोलत टपून बसलेली होतीच. बीबीसीने तिकडे जाऊन चौकशी केली तेव्हा साधी गोष्ट कळली की हे लोक रेडिओ एकट्याने बसून ऐकत नाहीत. कँटीनमध्ये शंभर जण, कोणी पत्ते खेळतंय, कोणी घरी पत्र लिहितंय, सतत ये-जा, गोंगाट. तिथे एक तासाचं भाषण किंवा पूर्ण सिम्फनी चालणारच नाही. म्हणून १९४० च्या सुरुवातीला फोर्सेस प्रोग्राम निघाला, छोटे छोटे कार्यक्रम, संगीत, विनोद, खेळ, मधे केव्हाही ऐकायला सुरुवात केली तरी समजेल असं.

काही महिन्यांत डंकर्कची माघार झाली, फ्रान्समधली फौज परत आली, म्हणजे ज्यांच्यासाठी हे काढलं ते तिकडे राहिलेच नाहीत. तरी सेवा चालू राहिली आणि घरचे लोक होम सर्व्हिसपेक्षा तीच जास्त ऐकायला लागले. बीबीसीकडे श्रोत्यांच्या पाहणीचा विभाग होता, रोज लोकांना विचारून आकडे काढायचे, त्यामुळे हे त्यांच्यापासून लपलंही नाही. म्हणून तुमच्या 'कोणी ठरवलं' या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे की ऐकणाऱ्यांनी ठरवलं. संस्थेला ते मान्य करायला युद्ध लागलं, शांततेच्या काळात बहुतेक केलंच नसतं.

वाद्यवृंद

कारखान्याचं मी सांगतो. मी स्वतः ऑर्केस्ट्रात वाजवतो आणि अरेंजमेंट लिहितो त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे, जरा लांबेल.

कार्यक्रमाचं नाव 'म्युझिक व्हाइल यू वर्क'. पहिलं प्रसारण २३ जून १९४०. तारीख लक्षात घ्या, डंकर्कनंतर तीन आठवडे सुद्धा झाले नव्हते. सैन्याची तोफा-गाड्या सगळी सामग्री फ्रान्समध्ये टाकून यावी लागली होती आणि ती पुन्हा बनवायची म्हणून कारखान्यांत आठवड्याला साठ-सत्तर तास काम चाललं होतं. पुढे डिसेंबर १९४१ मध्ये तर स्त्रियांसाठीही सक्तीच्या सेवेचा कायदा झाला, त्यामुळे कधी मशीनजवळ न गेलेल्या हजारो बायका लेथवर आणि असेम्ब्लीवर आल्या. काम कसं, तर दिवसभर तेच एक भोक पाडायचं, तोच एक स्क्रू पिळायचा.

'नुसतं वाटलं म्हणून' नव्हतं हो. इंडस्ट्रियल हेल्थ रिसर्च बोर्ड नावाची सरकारी संस्था होती, तिने १९३७ मध्ये एकसुरी कामातल्या कंटाळ्यावर अहवाल काढला होता आणि त्यात संगीताचे प्रयोगही होते. निष्कर्ष असा की संगीत दिवसभर चालू ठेवलं तर त्याची सवय होते आणि उपयोग जातो, पण कंटाळा जास्त येतो त्या वेळेला थोडा वेळ लावलं तर काम वाढतं. म्हणून अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे, एक सकाळी साडेदहाला, एक दुपारी तीनला. १९४२ पासून रात्रपाळीसाठी तिसरा.

आता संगीत कसं असावं याचे नियम. विन्फर्ड रेनॉल्ड्स नावाचे गृहस्थ १९४१ पासून याचं काम बघत होते, स्वतः संगीतकार, कारखान्यांत जाऊन ऐकून यायचे. मशीनच्या आवाजात काय ऐकू येतं? खालचे सूर जवळजवळ गिळले जातात, हळू वाजवलेलं तर पूर्ण नाहीसं होतं. म्हणून आवाजाची पातळी एकसारखी ठेवायची, एकदम हळू नाही, एकदम दणका नाही. चाल ठळक आणि ओळखीची पाहिजे, सजावटीत हरवलेली नको. लय मधेच रेंगाळवायची नाही, आम्ही वादक लोक भावनेच्या भरात ओढतो ना सूर, ते बंद. अगदी संथ वॉल्ट्झ नको कारण झोप येते, फार तापलेलं जॅझ नको कारण चाल बाजूला राहून नुसता ठेका उरतो. गाणारा शक्यतो नाही, कारण शब्द आले की लक्ष शब्दांकडे जातं आणि मशीनवर हात असताना ते धोक्याचं. मधे निवेदन नाही, एका चालीतून दुसरीत सरळ शिरायचं, अर्धा तास सलग, आणि बहुतेक सगळं थेट प्रसारण. वाजवून बघा म्हणजे कळेल किती दमवणारं असतं हे, ब्रास वाल्यांना ओठांना विसावा द्यायलाही फुरसत नाही.

एका अमेरिकन गाण्यावर तर या कार्यक्रमापुरती बंदीच घातली, टेक्सासवरचं ते टाळ्यांचं गाणं. त्यात मधे मधे चार टाळ्या आहेत आणि कामगार टाळीच्या ऐवजी हातातलं हत्यार बेंचवर नाहीतर मशीनवर आपटायचे. कल्पना करा, शेकडो पाने (स्पॅनर) एकाच वेळी आदळतायत.

शीर्षकसंगीत एरिक कोट्सचं होतं, १९४० सालीच लिहिलेलं, आणि तो माणूस म्हणजे लाइट म्युझिकचा राजा. लाइट म्हणजे कमअस्सल असं समजू नका, ते वाद्यवृंदाचं काम अत्यंत स्वच्छ आणि अवघड आहे, स्ट्रिंग्जना एक सूर लपवायला जागा नसते. मला कोणी विचारलं की युद्धातलं सर्वात उपयोगी संगीत कोणतं तर मी याच अर्ध्या तासाचं नाव घेईन. हजारो कारखान्यांत लाऊडस्पीकर लागले होते आणि कार्यक्रम युद्धानंतरही १९६७ पर्यंत चालला, नुसती युद्धाची सोय असती तर बावीस वर्षं जास्त कशाला टिकेल?

याच्या जोडीला १९४१ पासून 'वर्कर्स प्लेटाइम' होता, तो वेगळा. त्यात कलाकार प्रत्यक्ष कारखान्याच्या कँटीनमध्ये जायचे, दोन पियानो, एखादा गायक, एखादा विनोदवीर, जेवणाच्या सुट्टीत तिथूनच प्रसारण. जागेचं नाव सांगायचं नाही, 'ब्रिटनमधल्या कुठल्याशा कारखान्यातून' एवढंच.

तबकडी

वाद्यवृंद, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. जर्मनीबद्दल मी लिहिते.

जर्मन रेडिओवर १९३५ मध्येच जॅझवर बंदी आली होती हे खरं. पण हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स, त्याला एक पक्कं समजलं होतं की नुसता प्रचार लावला तर लोक रेडिओ बंद करतात. युद्ध सुरू झाल्यावर लगेच, १ ऑक्टोबर १९३९ ला, सैन्यासाठी फर्माइशींचा जाहीर कार्यक्रम सुरू झाला, 'वुन्शकोन्त्सर्ट'. बर्लिनहून थेट, दर आठवड्याला तासन्‌तास. सैनिकाने फर्माइश करायची, घरच्यांनी मदतनिधीला पैसे द्यायचे, त्यांची नावं वाचली जायची, आणि आघाडीवरच्या सैनिकाला मूल झालं असेल तर ती बातमीही तिथेच सांगायचे. एका बाजूला देशभर पसरलेली कुटुंबं, दुसऱ्या बाजूला नॉर्वेपासून पोलंडपर्यंत पसरलेली मुलं, आणि एका वेळी सगळे तेच ऐकतायत. किती प्रभावी असेल विचार करा, आणि हे सगळं कोणत्या राजवटीसाठी वापरलं गेलं हेही विसरता येत नाही. १९४१ च्या मे महिन्यात बंद झाला तो.

मग येतं 'लिली मार्लेन'. कविता पहिल्या महायुद्धातली, १९१५ ची, हान्स लाइपची. चाल नॉर्बर्ट शुल्त्सेची आणि १९३९ मध्ये लाले आंडरसनने रेकॉर्ड केलं तेव्हा कोणी विचारलंही नाही. १९४१ च्या एप्रिलमध्ये जर्मनांनी बेलग्रेड घेतलं आणि तिथे सैनिकांसाठी स्टेशन काढलं, त्यांच्याकडे तबकड्या मोजक्याच होत्या, त्यात ही होती. रात्री दहाच्या जरा आधी रोज हे गाणं लावायचं असं ठरून गेलं. ट्रान्समीटर चांगला ताकदीचा होता, भूमध्य समुद्र ओलांडून उत्तर आफ्रिकेत ऐकू यायचं, आणि तिथे वाळवंटात रोमेलचे सैनिकही ऐकायचे आणि समोरच्या आठव्या आर्मीचे ब्रिटिशही. सैनिकाला त्यात शत्रू नाही, विजय नाही, बराकीच्या फाटकाजवळच्या दिव्याखाली उभी असलेली मुलगी आहे बस. गोबेल्सला ते आवडायचं नाही, पण सैनिकांनी मागणी केली तर काय करणार. लाले आंडरसनवर १९४२ मध्ये गाण्याची बंदी घातली होती, तिचे स्वित्झर्लंडमधल्या ज्यू मित्रांशी संबंध होते म्हणून. इकडे ब्रिटिशांनाही आपले सैनिक जर्मन शब्द गुणगुणतात हे बरं वाटेना, शेवटी इंग्रजी शब्द लिहून घेतले.

आणि जॅझ! परदेशात पाठवायच्या प्रसारणासाठी त्यांनी स्वतःच स्विंग बँड ठेवला होता, 'चार्ली अँड हिज ऑर्केस्ट्रा'. लुट्स टेम्प्लिन बँडप्रमुख, कार्ल श्वेडलर गायक. लोकप्रिय अमेरिकन-ब्रिटिश चाली घ्यायच्या, पहिलं कडवं बरोबर गायचं आणि पुढच्यात चर्चिलला आणि ज्यूंना शिव्या घालायच्या. वादक उत्तम होते, ऐकताना पोटात कालवतं कारण वाजवलंय खरंच छान. देशातल्या लोकांनी परदेशी स्टेशन ऐकणं हा गुन्हा होता, १ सप्टेंबर ३९ पासून, बातम्या पसरवल्या तर मृत्युदंडापर्यंत. तरी हवाई दलाचे वैमानिक सुद्धा चोरून बीबीसीचं नृत्यसंगीत ऐकायचे. म्हणून १९४२ मध्ये सरकारनेच मोठा नृत्य आणि मनोरंजन वाद्यवृंद उभा केला, सभ्य स्विंग वाजवायला. शॉर्टवेव्हवाला म्हणाले ना ऐकणाऱ्यांनी ठरवलं, ते मला हुकूमशाहीतही थोडंफार लागू पडताना दिसतं.

मधलीलहर

चर्चा सुंदर चाललीये पण मला एक वेगळा सूर लावायचाय. 'ऐकणाऱ्यांनी ठरवलं' हे अर्धंच खरं आहे असं माझं मत आहे, कारण बीबीसीने दार उघडलं तरी उंबऱ्यावर पहारा ठेवला होता.

१९४१ च्या नोव्हेंबरमध्ये गायिका व्हेरा लिनचा 'सिन्सिअर्ली युअर्स' सुरू झाला. रविवारी रात्री नऊच्या बातम्यांनंतर, म्हणजे जिथे चर्चिल बोलायचे ती जागा. ती सैनिकांना पत्र लिहिल्यासारखं बोलायची, बाळंतपण झालेल्या बायकांना दवाखान्यात जाऊन भेटायची आणि नवऱ्याला रेडिओवरून निरोप द्यायची, मग गाणी. सैनिकांना प्रचंड आवडायचं. पण बीबीसीच्या वरच्या लोकांना आणि काही खासदारांना वाटायचं की अशा हळव्या गाण्यांनी सैनिक मऊ पडतील. लढायला निघालेल्यांना मार्चिंगच्या चाली द्या, विरहाची गाणी कसली देताय असा सूर. १९४२ मध्ये बीबीसीने नृत्यसंगीतावर धोरण ठरवायला समितीच नेमली. फार रडवं गाणं नको, कृत्रिम हळव्या आवाजात गाणारे पुरुष गायक नकोत, अभिजात संगीतातल्या चाली उचलून केलेली डान्सची गाणी नकोत. कितीतरी गाणी अडवली गेली.

आता मला सांगा, जो माणूस दोन वर्षं घरी गेलेला नाही त्याला काय ऐकावंसं वाटतं हे कोणाला जास्त कळणार, समितीला का त्याला? व्हेरा लिन १९४४ मध्ये बर्माच्या आघाडीवर गेली, उकाड्यात, पावसाच्या तोंडावर, जिथे मोठे कलाकार सहसा जात नसत. ती चौदावी आर्मी, जिच्यात बहुसंख्य सैनिक भारतीय होते आणि जिला सगळे विसरलेली फौज म्हणायचे. तिथल्या ब्रिटिश सैनिकांनी ते आयुष्यभर लक्षात ठेवलं. ती गाणी ऐकून कोणी लढाई सोडून घरी गेला नाही. मला हे नेहमी मनाला लागतं की सामान्य माणसाच्या दुःखाला आवाज मिळाला की वरच्यांना त्याची भीती वाटते.

शॉर्टवेव्हवाला

मधलीलहर, मुद्दा पटला, पहारा होताच. आणि तो फक्त आवडीनिवडीचा नव्हता, सुरक्षेचाही होता, त्यावर थोडं लिहितो कारण ते फार कमी लोकांना माहीत असतं.

युद्धकाळात रेडिओवर आयत्या वेळचं काही बोलायचं नाही, प्रत्येक शब्द आधी लिहून तपासून घ्यायचा. आणि थेट प्रसारण चालू असताना एक माणूस बटणावर हात ठेवून ऐकत बसलेला, कोणी भलतं बोललं की तोडायचं. 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' हा कार्यक्रम फोर्सेस प्रोग्रामवरच २९ जानेवारी १९४२ ला सुरू झाला, एकाकी बेटावर कोणत्या तबकड्या न्याल हे विचारणारा, आजही चालू आहे. त्यातल्या त्या मनमोकळ्या वाटणाऱ्या गप्पा तेव्हा पूर्ण लिहून वाचलेल्या असायच्या.

अमेरिकेत १९४२ च्या जानेवारीत सेन्सॉर खात्याने रेडिओसाठी संहिता काढली, तिच्यात फोनवर आलेली फर्माइश लगेच वाजवायची नाही असं होतं. का, तर हेराला ठरलेल्या वेळी ठरलेलं गाणं वाजवून घेता येईल आणि किनाऱ्याजवळच्या पाणबुडीला निरोप पोचेल. हवामानही सांगायचं नाही.

ही भीती कल्पनेतली नव्हती कारण लंडन स्वतः तेच करत होतं. बीबीसीच्या पोलिश प्रसारणात बातम्यांनंतर वाजणारी विशिष्ट चाल म्हणजे पोलंडमधल्या भूमिगत सैन्याला इशारा, आज रात्री विमानातून माणसं किंवा सामान उतरणार आहे का नाही. ऐकणाऱ्या बाकीच्यांना ते नुसतं संगीत.

तबकडी, तुमच्या जर्मन भागाला जोडून एक. ब्रिटिशांनी पण जर्मन सैनिकांसाठी खोटं जर्मन स्टेशन काढलं होतं, सोल्डाटेनझेंडर कॅले, १९४३ च्या शेवटी. सेफ्टन डेल्मर हा पत्रकार त्यामागचा डोकेबाज माणूस. इंग्लंडच्या दक्षिणेला ६०० किलोवॅटचा 'अ‍ॅस्पिडिस्ट्रा' ट्रान्समीटर, प्रचंड ताकद. आणि आमिष काय, तर नृत्यसंगीत! नटी मार्लेन डीट्रिचने अमेरिकेत त्यासाठी जर्मनमध्ये गाणी रेकॉर्ड करून दिली. खऱ्या बातम्या, त्यात मिसळलेल्या खोट्या, आणि मधे सगळं मस्त संगीत. सैनिक गाण्यासाठी लावायचा आणि बातम्या फुकट कानावर पडायच्या.

रेडिओवेडी

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. वाद्यवृंद, ते लय ओढायची नाही वगैरे वाचल्यावर काल रात्री त्या काळची काही लाइट म्युझिकची रेकॉर्डिंग्ज लावली आणि खरंच वेगळी ऐकू आली.

अजून दोन शंका. अमेरिकन सैनिकांना जगभर गाणी पोचवायचे ती कशी, तेव्हा टेप नव्हती ना? आणि 'इटमा' हा विनोदी कार्यक्रम सगळे एवढा थोर म्हणतात, मी एक भाग ऐकला आणि मला फारसं हसू आलं नाही, मी काय चुकतेय?

तबकडी

अमेरिकन भाग घेते, नावच तबकडी आहे माझं.

तिकडे एक वेगळीच अडचण होती. १ ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या संघटनेने, जेम्स पेट्रिलो तिचे अध्यक्ष, रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला. त्यांचं म्हणणं होतं की रेडिओ आणि ज्यूकबॉक्स तबकड्या वाजवून पैसे कमावतात आणि आमची थेट वाजवायची कामं जातात, तर आम्हाला त्यातला वाटा द्या. मागणी रास्त होती असं मला वाटतं. दोन सर्वात मोठ्या कंपन्या १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत अडून बसल्या. म्हणजे ऐन युद्धात नवीन तबकड्याच नाहीत! तेव्हा सैन्याने संघटनेशी बोलून फक्त सैनिकांसाठी रेकॉर्डिंग करायची परवानगी मिळवली, त्या 'व्ही-डिस्क', ऑक्टोबर १९४३ पासून. बारा इंची, नेहमीच्या तबकडीपेक्षा मोठ्या, एका बाजूला सहा मिनिटांच्या आसपास बसायचं. विक्रीला ठेवायच्या नाहीत ही अट, आणि वादकांनी मोबदला न घेता वाजवलं. शेलॅकची तबकडी जहाजाच्या प्रवासात फुटायची म्हणून पुढे विनाइल वापरलं. त्या दोन वर्षांतलं कित्येक उत्तम बँडचं वादन आज फक्त याच तबकड्यांवर शिल्लक आहे.

रेडिओचे कार्यक्रम मोठ्या सोळा इंची तबकड्यांवर जायचे, देशातले लोकप्रिय कार्यक्रम घ्यायचे, त्यातल्या साबण-सिगारेटच्या जाहिराती काढून टाकायच्या आणि सैन्याच्या स्टेशनांना पाठवायचे. १९४२ पासूनचा 'कमांड परफॉर्मन्स' तर फक्त परदेशातल्या सैनिकांसाठी, त्यात सैनिक गाणीच नाही तर आवाज सुद्धा मागायचे, एखाद्या नटीचा सुस्कारा, असलं काहीही, आणि हॉलिवूडचे मोठे कलाकार ते करायचे. ग्लेन मिलर स्वतःचा भरात असलेला बँड सोडून सैन्यात गेला आणि १९४४ मध्ये सैन्याचा बँड घेऊन इंग्लंडला आला, जर्मन श्रोत्यांसाठी सुद्धा निवेदनासह कार्यक्रम रेकॉर्ड केले. १५ डिसेंबर १९४४ ला इंग्लिश खाडीवर त्याचं विमान नाहीसं झालं, सापडलं नाही. बँड पुढे वाजवत राहिला.

टेप मात्र होती, जर्मनांकडे! मॅग्नेटोफोन. १९४० च्या सुमारास त्यांच्या इंजिनिअरांनी त्यात अशी सुधारणा केली की खरखर जवळपास गेली. रात्री दोन वाजता जर्मन स्टेशनवर पूर्ण ऑर्केस्ट्रा लागायचा, तबकडीची टकटक नाही, मग हे लोक रात्रभर वादक बसवून ठेवतात का असा प्रश्न ऐकणाऱ्या दोस्त राष्ट्रांच्या तंत्रज्ञांना पडायचा. १९४५ मध्ये जॅक मुलिन या अमेरिकन अधिकाऱ्याला ती यंत्रं मिळाली, त्याने दोन घरी नेली, आणि १९४७ मध्ये बिंग क्रॉस्बीचा रेडिओ कार्यक्रम टेपवर रेकॉर्ड व्हायला लागला. पुढचं सगळं रेकॉर्डिंग तिथून बदललं.

मधलीलहर

एक गोष्ट राहिली, ती आपल्या कानांशी थेट जोडलेली आहे. माउंटबॅटन यांचं आग्नेय आशिया कमांडचं मुख्यालय १९४४ मध्ये सिलोनला कँडीत गेलं आणि त्याच वर्षी कोलंबोहून सैनिकांसाठी 'रेडिओ सीॲक' सुरू झालं. बर्मा, मलाया, समुद्रातली जहाजं, एवढ्या लांब पोचायचं म्हणजे शॉर्टवेव्ह पाहिजे. युद्ध संपलं, सैनिक घरी गेले, आणि ही सगळी यंत्रणा सिलोन सरकारकडे आली, तीच रेडिओ सिलोन. १९५२ मध्ये माहिती आणि नभोवाणी मंत्री केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीत हद्दपार झालं तेव्हा ते ऐकवायला शेजारी तयार आणि ताकदवान स्टेशन बसलेलंच होतं. डिसेंबर १९५२ मध्ये अमीन सायानींची बिनाका गीतमाला तिथूनच सुरू झाली. १९५७ च्या ३ ऑक्टोबरला विविध भारती निघाली ती याच दडपणातून, आणि तिच्यावरचा फौजी भाइयोंसाठीचा 'जयमाला' आपण सगळ्यांनी ऐकलाय.

ब्रिटनमध्ये पण तेच, फोर्सेस प्रोग्रामची १९४४ मध्ये जनरल फोर्सेस प्रोग्राम झाली आणि २९ जुलै १९४५ ला तिच्या जागी लाइट प्रोग्राम आला, तो १९६७ पर्यंत. दोन्हीकडे सैनिकांसाठी केलेली सोय नागरिकांनी सोडली नाही.

शॉर्टवेव्हवाला

मधलीलहर, सीॲकचं लिहिलंत हे फार बरं केलंत.

रेडिओवेडी, 'इटमा'चं सांगतो. तुमचं काही चुकत नाहीये. टॉमी हँडली मुख्य, टेड कॅव्हना लेखक, फ्रान्सिस वर्स्ली निर्माता. जुलै १९३९ ला सुरू झाला तेव्हा साधाच होता, फार चालला नाही. युद्ध लागल्यावर त्यांनी हँडलीला एका काल्पनिक मंत्रालयाचा मंत्री केलं, लोकांना छळणं आणि सगळं गुपित ठेवणं हे त्या खात्याचं काम. त्या वेळी रोज नवीन सरकारी फतवे निघत होते, दिवे झाका, हे भरा, ते जमा करा, त्यामुळे प्रत्येक घरात ते लगेच पोचलं. संहिता त्या त्या आठवड्यातच लिहायचे, म्हणजे मंगळवारी पेपरात आलेलं गुरुवारी विनोदात. आज ऐंशी वर्षांनी आपल्याला ती बातमीच माहीत नाही, तर विनोद कुठून कळणार.

दुसरं म्हणजे वेग. पात्रं दारातून धाडकन येतात, आपलं ठरलेलं एक वाक्य टाकतात आणि जातात. साफसफाईवाली मिसेस मॉप, ग्लासात तोंड घालून बोलणारा जर्मन हेर फुन्फ. हे वाक्य पहिल्यांदा ऐकताना काहीच वाटत नाही, ते दर आठवड्याला कधी येतंय याची वाट बघण्यातच मजा होती, आणि मग लोक ते दिवसभर एकमेकांना म्हणायचे, निवाऱ्यात, बसमध्ये, फोनवर. फुन्फमुळे जर्मन हेर या गोष्टीची धास्तीच कमी झाली असं मला वाटतं. आणि हे सगळं करणारी मंडळी ब्रिस्टलला बॉम्बहल्ले वाढल्यावर १९४१ मध्ये वेल्समधल्या बँगरला हलली होती, श्रोत्यांना ठिकाण सांगायचं नाही. १९४३ मध्ये लंडनला परत आले. हँडली ९ जानेवारी १९४९ ला गेला आणि कार्यक्रम तिथेच बंद केला, त्याच्याशिवाय करायचा विचार सुद्धा कोणी केला नाही.

तुम्ही सुटा भाग ऐकू नका. १९४२-४३ चे तीन-चार लागोपाठचे भाग मिळवा, त्या आठवड्याच्या बातम्या आधी चाळून घ्या, आणि शब्द कळले नाहीत तरी थांबवून मागे जाऊ नका, सलग ऐका. तिसऱ्या भागात मिसेस मॉपचं दार वाजलं की बघा काय होतं, आणि मग इथे येऊन लिहा.